डिझेल की गॅस? आधी दारावरचा पिवळा स्टिकर वाचा

पत्र

नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. आम्ही दोघं, अकरा आणि आठ वर्षांची दोन मुलं, आणि दर उन्हाळ्यात चार महिने सासू-सासरे. यंदा २७ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं ठरलंय. रिकामं वजन ६,४०० पौंड, भरून जास्तीत जास्त ७,९००. तो ओढायला पिकअप ट्रक हवा आणि तिथेच घरात दोन पक्ष पडलेत. नवऱ्याला डिझेल हवंय. त्याच्या ऑफिसातल्या मित्राकडे आहे आणि "एकदा डिझेलने ओढलंस की गॅसकडे ढुंकूनही बघणार नाहीस" असं तो सांगत असतो. सासरे तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्या मते ओझं ओढायचं तर डिझेलच, यात विचारायचं काय? (इथे गॅस म्हणजे पेट्रोल, पण गॅसचा ट्रक म्हटल्यावर आधी त्यांना सीएनजी वाटला होता.) दहा हजार डॉलर जास्त का मोजायचे, हे मला कोणी नीट सांगत नाही. वर्षातून एकदा कोलोरॅडो, बाकी टेक्सासमधलीच स्टेट पार्क्स, असे ट्रेलर जोडून साधारण ३,००० मैल होतील. एरवी नवरा तोच ट्रक नऊ मैलांवरच्या ऑफिसला नेणार. डीलरकडचा माणूस म्हणतो, साधा हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग, तोसुद्धा ११,००० पौंड ओढतो, एवढा विचार करताच कशाला. शिवाय मित्राच्या ओळखीत आठ वर्षं जुना एक डिझेल स्वस्तात आहे, "प्रदूषणाची सगळी भानगड काढून टाकलेला". कोणाचं ऐकू?

— ट्रेलर यायच्या आधीच दमलेली

उत्तर

ताई, तुमच्या घरात भांडण चाललंय ते खरं तर दुसऱ्या नंबरच्या प्रश्नावर. पहिला प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही, आणि तो सुटला की दुसरा बराचसा आपोआप सुटतो.

ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ओढायचं काम इंजिनाचं. पेलायचं काम मागच्या स्प्रिंगांचं, अ‍ॅक्सलचं आणि टायरचं. डीलरने सांगितलेले ११,००० पौंड हे ओढण्याचे आहेत आणि तो आकडा खोटा नाही. हल्ली हे रेटिंग एसएई या वाहन-इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे२८०७ नावाच्या एका ठरलेल्या चाचणीने काढतात. अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमपासून वर जाणारा ११.४ मैलांचा चढ आहे. ऐन उन्हाळ्यात, एसी पूर्ण सोडून, ट्रेलरसकट ताशी ४० मैलांच्या खाली न येता तो चढावा लागतो. कडक परीक्षा आहे. पण या चाचणीत ट्रकमध्ये माणसं किती धरलेली असतात, ठाऊक आहे? दोन. प्रत्येकी १५० पौंडांची. तुम्ही सहा जण आहात.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. साधारण १० ते १५ टक्के वजन पुढे, जोडणीच्या दांड्यावर, म्हणजे थेट ट्रकच्या पाठीवर येतं. ते यायलाच हवं, कमी पडलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. आता ६,४०० हा आकडा विसरून जा. त्या वजनाने ट्रेलर फक्त कारखान्यातून बाहेर पडतो. बॅटरी, प्रोपेनच्या टाक्या, अंथरुणं, खुर्च्या, भांडी, कुकर आणि टाकीत पाणी (एका गॅलनला ८.३ पौंड, चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशेच्या वर) धरलं की तुम्ही सहज ७,५०० ला पोचता. त्याचे साडेबारा-तेरा टक्के म्हणजे ट्रकवर ९५० पौंड. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून ८०० धरू. ट्रेलरचा भार वाटून देणारी जोडणी (हिच) शंभरेक पौंडांची. मागच्या हौद्यात सायकली, कूलर, जळण, हत्यारांची पेटी, म्हणजे आणखी अडीचशे. झाले २,१०० पौंड.

हा झाला तुमचा पेलायचा आकडा. याला इथे पेलोड म्हणतात. अशा बहुतेक ट्रकांना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. चार दारांच्या हाफ-टन ट्रकवर तो आकडा बहुधा १,४०० ते १,९०० च्या दरम्यान सापडेल. म्हणजे डीलरचा हाफ-टन तुमचा ट्रेलर ओढेल, पण सासू-सासऱ्यांना घरी ठेवावं लागेल. यातला विनोद तुम्ही घरात सांगायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी स्वतः हा धडा पदरचे पैसे घालून शिकलो. पहिला ट्रक हाफ-टन घेतला, इंजिन जोरकस, ब्रोशरमधलं रेटिंग ऐटदार. पहिल्याच लांबच्या प्रवासात संध्याकाळी समोरून येणारी प्रत्येक गाडी मला दिवे मारत होती. मला वाटलं, हाय-बीम चालू राहिला असेल. नव्हता. ट्रकचं बूड इतकं खाली बसलं होतं की साधे दिवेच आभाळाकडे बघत होते. पुढची चाकं हलकी झाली होती, स्टिअरिंग हातात तरंगत होतं. चढावर इंजिनाने मात्र एकदाही तक्रार केली नाही, आणि म्हणूनच मला बराच वेळ काही कळलं नाही.

तेव्हा हाफ-टन बाद. हे लिहितानाही मला थोडं वाईट वाटतं, कारण रोज चालवायला तोच सगळ्यात सुखाचा ट्रक. हाफ-टनमध्ये तीन लिटरचं छोटं डिझेलही मिळतं, जनरल मोटर्सचं, आणि मायलेजला फार गुणी इंजिन आहे. पण पेलोडचं दुखणं तेच.

आता त्याच्या वरचा वर्ग, तीन-चतुर्थांश टन, म्हणजे २५० किंवा २५०० नंबरचे ट्रक. नवऱ्याला खाली बसवून सांगायची गोष्ट इथे आहे. डिझेल इंजिन जड असतं. इंजिन, टर्बो, कूलिंग, धुराच्या नळीतली सगळी यंत्रणा धरून तोच ट्रक काहीशे पौंडांनी जड होतो. एकूण भरलेल्या वजनाची मर्यादा मात्र बरेचदा १०,००० पौंडांवर थांबवलेली असते, कारण १०,००१ पासून धंद्याच्या गाड्यांना संघीय नियमांचा जाच सुरू होतो. मर्यादा तीच आणि ट्रक जड, तर मधलं अंतर कमी होणार. त्यामुळे अनेक डिझेल २५०० ट्रकांवर पेलोड २,००० ते २,५०० च्या घरात निघतो. तोच ट्रक गॅस इंजिनाचा असला तर सहज ३,००० च्या आसपास किंवा वर. पॅनोरॅमिक काचेचं छत, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, थंड होणाऱ्या सीटा असलेलं चकचकीत डिझेल घेतलंत तर तुमचे २,१०० पौंड कसेबसे मावतील किंवा मावणारही नाहीत. दहा हजार जास्त मोजून माणसं कमी नेणारा ट्रक.

आणखी एक बारीक गोष्ट. सहा जण बसायचे तर पुढे मधोमध जागा हवी, म्हणजे बाकासारखी सीट. वरच्या मॉडेलमध्ये तिथे कन्सोल येतो आणि ट्रक पाचांचा होतो. खालचं किंवा मधलं मॉडेल स्वस्त, हलकं आणि तुमच्या कुटुंबाला पुरणारं. असा योग क्वचितच जुळून येतो.

आता सासऱ्यांकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाच्या कानाला जे कळतं ते आकड्यांत सापडत नाही. डिझेल ओझ्याला चांगलं, हे खरंच आहे. हवा १५-१८ पट दाबायची, तिच्या उष्णतेनेच इंधन पेटवायचं, वरून टर्बोने हवा कोंबायची, त्यामुळे इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच प्रचंड पीळ (टॉर्क) मिळतो. शेवरलेच्या २५०० मधलीच दोन इंजिनं बघा, दोन्ही ६.६ लिटरची. डिझेलचा टॉर्क ९७५ पौंड-फूट, तोही १,६०० आरपीएमला. गॅसचा ४६४, त्यासाठी ४,००० आरपीएम लागतात. दुपटीचा फरक. फोर्डचं सगळ्यात ताकदवान डिझेल १,२०० पौंड-फुटांपर्यंत गेलंय. हे ऐकून सासरे खूश होतील.

पण घाट चढायला किती वेगाने चढता येईल हे अश्वशक्तीवर ठरतं, आणि तिथे त्याच दोन इंजिनांत ४७० आणि ४०१ एवढाच फरक आहे. तुमच्या प्रवासातला सगळ्यात वाईट तुकडा घेऊन हिशेब करू. डॅलसहून अमारिलो, डलहार्ट करत रॅटन पास ओलांडाल, तो ७,८०० फुटांवर. पण तो काही फार छळणारा नाही. खरी परीक्षा डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० हायवेवर, आयझेनहॉवर बोगद्यापाशी. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे आणि परत येताना डिलन गावाकडून त्याच्याकडे सुमारे ८ मैल, ७ टक्क्यांपर्यंतचा चढ आहे. ट्रक, माणसं, सामान, ट्रेलर मिळून तुमचं वजन १५,५०० पौंड. ७ टक्के चढावर ताशी ४५ मैलांनी हे वजन नुसतं उचलायलाच १३० अश्वशक्ती लागते. वारा, टायरचं घर्षण आणि गिअरमध्ये जाणारी शक्ती धरून २१० च्या आसपास. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के शक्ती गमावतं, म्हणजे तिथे ४०० ची २७० उरते. पुरते! ४५ ने चढाल. ६० ने चढायचं तर तीनशेच्या वर लागेल. ती तुमच्याकडे नसेल, डिझेलवाल्याकडे असेल, कारण विरळ हवा टर्बो भरून काढतो. तो तुम्हाला डाव्या लेनमधून मागे टाकेल आणि वर पोचल्यावर तुमच्यापेक्षा अडीच-तीन मिनिटं आधी फोटो काढेल.

आवाजाचं मात्र घरात आधीच सांगून ठेवा. गॅस इंजिन त्या चढावर ४,५०० आरपीएमला ओरडत राहील, दहा-अकरा मिनिटं सलग. मागे बसलेले सासरे कासावीस होतील. "अगं, इंजिन फाटेल, गिअर बदलायला सांग त्याला!" फाटणार नाही. ते इंजिन त्याच कामासाठी बनवलंय आणि लाल रेघ अजून लांब असते. डिझेल तोच चढ २,००० च्या आसपास गुणगुणत चढेल, गप्पा चालू राहतील. हे सुख खरं आहे, मी ते कित्येक वर्षं उपभोगलंय. त्याची किंमत दहा हजार आहे की नाही, एवढाच मुद्दा. वर्षातून अशी दहा मिनिटं दोन-तीनदा येणार असतील तर माझ्या मते नाही.

उतारावर मात्र डिझेल सरळसरळ जिंकतं. टर्बोच्या पात्या मिटवून धुराची वाट अडवायची आणि इंजिनालाच ब्रेक बनवायचं, याला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. बटण दाबलं की ट्रक उतारावर ठरलेल्या वेगाला चिकटून राहतो, पायाला काम नाही. गॅसच्या ट्रकला हे नसतं. त्यात टो-हॉल मोड लावायचा, मग गिअरबॉक्स स्वतःच खालचे गिअर टाकून इंजिनाने गाडी रोखतो. पुन्हा आवाज. इथे सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, कारण आपल्या घाटातला नियम त्यांना कोणी शिकवायला नको. ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून सरकत बसायचं नाही. वेग वाढला की एकदा दमदार दाबायचा, दहा मैलांनी कमी करायचा आणि सोडून द्यायचा, ब्रेक थंड होऊ द्यायचे. ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात. ट्रक घेताना कारखान्यातून बसवलेला ब्रेक कंट्रोलर आहे ना, बघा, आणि निघण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये त्याचा जोर जुळवून ठेवा. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरताना रस्त्याच्या कडेला वाळू-खडीच्या पळवाटा दिसतील. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी आहेत त्या. मुलांना दाखवा.

पैशाचा हिशेब तुम्ही मागितलाय, तो थोडक्यात देतो. वर्षाला १२,००० मैल, त्यातले ३,००० ट्रेलरसकट. गॅसचा ट्रक रिकामा १४ आणि ओढताना ८ मैल देईल असं धरा, डिझेल १८ आणि ११. (उंच ट्रेलरपुढे वारा सगळ्यांनाच लुटतो. अमारिलोच्या आसपास समोरून वारा लागला तर ८ चे ७ होतील.) गॅस लागेल १,०१८ गॅलन, डिझेल ७७३. हिशेबापुरता गॅसचा भाव ३.२० डॉलर आणि डिझेलचा ३.८० धरला तर वर्षाचा खर्च ३,२५८ आणि २,९३७. बचत ३२१ डॉलर. त्यातून युरियाच्या द्रावणाचे पैसे काढा, दीडपटीच्या आसपास तेल लागणाऱ्या ऑइल चेंजचे काढा, ठरावीक मैलांनी बदलायच्या डिझेल फिल्टरचे काढा. हातात राहिलं तर चहापाण्यापुरतं राहील. विकताना डिझेलचे त्या दहा हजारांपैकी बरेचसे परत येतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ते येईपर्यंत अडकून राहतात, आणि कर्ज काढलंत तर त्यावर व्याजही भरता. तुमच्या शहरातले आजचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा. निकाल बदलेल असं मला वाटत नाही, मैलच कमी आहेत.

आणि रोजचे ते नऊ मैल. माझ्या दृष्टीने डिझेलच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच. सासऱ्यांनी हाताळलेली इंजिनं साधी होती. पंप, नळ्या, काळा धूर, आणि बिघाड झाला तर पाना घेऊन खाली शिरायचं. २००७ पासून इथल्या डिझेल पिकअपना काजळी धरणारी गाळणी आली, डीपीएफ. मग २०१० च्या सुमारास युरियाची टाकी आली, त्यात ३२.५ टक्के युरिया असलेलं पाणी धुरात फवारून विषारी नायट्रोजन ऑक्साइडं मोडली जातात. (युरिया म्हणजे शेतातला तोच, फक्त फार शुद्ध केलेला. भारतातही २०२० च्या बीएस-६ नंतर मोठ्या गाड्यांना हे चुकलेलं नाही, तेव्हा सासऱ्यांना हसू येणार असेल तर त्यांच्या वर्कशॉपमधल्या नव्या पोरांना विचारायला सांगा.) गाळणीत काजळी साठली की ट्रक ती जाळतो. त्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो आणि हायवेवर वीस-तीस मिनिटं सलग पळावं लागतं. नऊ मैल, सहा सिग्नल, ट्रक पुरता तापायच्या आत पार्किंग. जाळणं सुरू होतं, अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं. असं वर्षभर करत राहिलात तर दिवे पेटतात, वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात. हौशी डिझेलवाले यावर रविवारी उगाच साठ मैल फिरून येतात. तुमच्या नवऱ्याला रविवारी घराबाहेर पडायला कारण हवंच असेल तर गोष्ट वेगळी.

वॉरंटी संपल्यावर डिझेलची दुरुस्ती काय असते हेही ऐकून ठेवा. दाबाचा इंधनपंप फुटला तर त्यातला धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि सगळी इंधनव्यवस्थाच बदलावी लागते. बिल पाच आकडी होऊ शकतं. घाईत चुकून गॅस भरला तरी तेच. दोन गाड्यांच्या घरात ही चूक घडते. डिझेलचं नोझल हिरवं असतं असं समजून चालू नका, काही कंपन्यांच्या पंपांवर हिरवं नोझल गॅसचं असतं. अक्षरं वाचायची.

मित्राच्या ओळखीतला "भानगड काढलेला" ट्रक: नको. किंमत ऐकूही नका. ती यंत्रणा काढणं संघीय क्लीन एअर अ‍ॅक्टच्या विरुद्ध आहे. असल्या ट्रकला वॉरंटी नाही, अनेक वर्कशॉप हात लावत नाहीत, आणि सगळं परत बसवायचा खर्च स्वस्ताईला पुरून उरतो. इंजिनाचा संगणकही बदललेला असतो, त्यामुळे आधीच्या मालकाने त्यातून किती जोर पिळून काढला हे तुम्हाला कळणार नाही.

तर माझं मत सांगतो. तीन-चतुर्थांश टन, गॅस इंजिन, मधलं मॉडेल, पुढे बाक. फोर्ड, रॅम, शेवरले-जीएमसी, तिघांकडेही या कामाचं मोठं गॅस इंजिन आहे. कोणतं घ्यायचं ते सीटवर बसून आणि तुमच्या जवळचं वर्कशॉप कसं आहे ते बघून ठरवा. ऑर्डर देताना मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर विचारा. हा तपशील डीलर बहुधा स्वतःहून सांगत नाही. आकडा मोठा (३.७३, ४.१०, ४.३०) तितकी चाकाला ओढ जास्त, गॅस इंजिनाला ते फार मानवतं. रिकाम्या ट्रकचं मायलेज थोडं घटतं, घटू द्या.

नवऱ्याचं मन डिझेलवर जडलंच असेल तर तेही समजू शकतं, ट्रक काही नुसत्या हिशेबाने घेतला जात नाही. मग त्याच्याही वरच्या वर्गातला ३५०० घ्या, मागे एकेरी चाकं असलेला. दिसायला जवळपास तोच ट्रक, किमतीत फार फरक नाही, पण वजनाची मर्यादा वर गेलेली असते आणि डिझेलचं जडपण पचून जातं. आणि ऑफिसला दुसरी गाडी न्यायची, ही अट लेखी घ्या. तुमचा बेत बदलला, म्हणजे दोन-चार वर्षांत १२-१४ हजार पौंडांचा फिफ्थ-व्हील (थेट ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) घ्यायचा असेल, किंवा नोकरी सोडून वर्षाला दहा-दहा हजार मैल डोंगरांतून ट्रेलर ओढायचा असेल, तर मी आत्ता लिहिलेलं सगळं उलटं करून डिझेल घ्या म्हणेन. माझ्याकडे फिफ्थ-व्हील होता तेव्हा डिझेलच होतं. लहान ट्रेलरवर आलो आणि गॅसवर परतलो. मित्राचं ते "ढुंकूनही बघणार नाहीस" माझ्या बाबतीत तरी खरं ठरलं नाही.

गॅसचा एक खरा त्रास राहिला. टाकी ३४-३६ गॅलनची असली तरी ८ च्या मायलेजने अडीचशे मैलांत पंप शोधावा लागतो, आणि २७ फुटी ट्रेलर मागे लावून साध्या गॅस स्टेशनात वळणं हा काही सुखाचा अनुभव नाही. डिझेलवाले ट्रक स्टॉपच्या मोठ्या लेनमध्ये सरळ घुसतात. तुम्ही नकाशावर आधीच ऐसपैस स्टेशनं हेरून ठेवा. तसंही दोन मुलं आणि दोन ज्येष्ठ बरोबर असताना अडीचशे मैल न थांबता तुम्ही जाणारच नाही आहात.

डीलरकडे जाल तेव्हा मॉडेलचं नाव बघून समाधान मानू नका. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला सारख्या दोन ट्रकांचे स्टिकर तीनशे पौंडांनी वेगळे असू शकतात. जो ट्रक घेणार त्याच्याच दाराचा फोटो काढा. ब्रोशरमधला "कमाल" आकडा हा बहुतेक दोन दारांच्या, दोनचाकी ओढीच्या, कोणीही न घेणाऱ्या ट्रकचा असतो. ट्रेलर जोडून पहिल्यांदा निघाल की हायवेवरच्या ट्रक स्टॉपमध्ये कॅट स्केलचा काटा असतो, सगळ्यांना आत बसवून, सामान भरून त्यावर उभे राहा. थोडेसे डॉलर पडतात, पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं छापलेली पावती मिळते. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दारावरच्या मर्यादेशी ताडून बघा. जास्त भरला तर आधी सायकली आणि कूलर ट्रेलरमध्ये, त्याच्या चाकांच्या वर हलवा. ट्रेलरच्या शेपटीला टांगू नका.

आणि सगळ्यांची वजनं घरच्या काट्यावर एकदा खरोखर करून घ्या. मी चार मोठ्यांची मिळून ६४० धरली आहेत. सासूबाई येताना भारतातून आणणार असलेल्या बॅगा त्यात नाहीत.